डोलकाठीखालचं लाकूड: १९६७ च्या एका आल्बर्ग ३० बोटीची खरेदी आणि दुरुस्ती

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातलं, चेसापीक उपसागराच्या काठावरचं. ज्यांची ही बोट त्यांना इथे दादा आणि वहिनी म्हणतो. एरवीही मी त्यांना हेच म्हणतो. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. पैशांचे आणि तासांचे आकडे वहिनींच्या वहीतले आहेत. ही वही पहिल्या दिवसापासून लिहिली गेली म्हणूनच हे सगळं इतक्या नेमकेपणाने सांगता येतंय.

दादा मूळचे मालवणकडचे. आजोबांचा मचवा होता, तो दादांच्या जन्माआधीच विकला गेला. पुढे सॉफ्टवेअरची नोकरी, पंचवीस वर्षं अमेरिकेत. मुलगी कॉलेजला गेली आणि दोघांनी शिडाच्या बोटी चालवायचा वर्ग लावला. तीन उन्हाळे भाड्याच्या बोटी चालवल्यावर स्वतःची बोट घ्यायचं ठरलं. अपेक्षा साधी होती: शनिवार-रविवारी उपसागरात जायचं, वर्षातून एकदा आठवडाभराची सफर करायची, रात्री बोटीवरच झोपता आलं पाहिजे. हातात साधारण दहा हजार डॉलर होते आणि पुढे दरमहा थोडे थोडे घालता येणार होते.

माझी स्वतःची बोट या उपसागरात बरीच वर्षं आहे, म्हणून बोट पाहायला त्यांनी मला सोबत नेलं. या प्रकरणातला एक चुकीचा सल्ला माझा आहे. तो पुढे येईलच.

बोट

२०२२ च्या मार्चमध्ये एका यार्डात, म्हणजे बोटी ठेवायच्या-दुरुस्त करायच्या आवारात, ही आल्बर्ग ३० लोखंडी टेकूंवर उभी होती. वरची ताडपत्री फाटलेली, सहा वर्षं पाण्याला न लागलेली. मागणी ८,५०० डॉलर.

ही बोट निवडण्यामागे नुसती हौस नव्हती. कार्ल आल्बर्ग या स्वीडनमध्ये जन्मलेल्या आरेखकाची ही रचना. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये व्हिटबी बोट वर्क्सने १९६२ ते १९८७ या काळात अशा सातशेहून जास्त बोटी बांधल्या. लांबी ३० फूट ३ इंच, रुंदी ८ फूट ९ इंच, वजन सुमारे ९,००० पौंड. कील, म्हणजे तळाखालचा जड कणा, लांब, आणि तिच्या मागच्या कडेलाच सुकाणू बसवलेलं, त्यामुळे खेकड्यांच्या पिंजऱ्यांच्या दोऱ्या सहसा अडकत नाहीत. पाण्याखाली ती सव्वाचार फूट जाते. चेसापीकची सरासरी खोली जेमतेम २१ फूट आहे, खाड्यांमध्ये तर कितीतरी कमी. तिथे ही सव्वाचार फुटांची गोष्ट फार मोलाची. साठच्या दशकात फायबरग्लास नवीन होतं आणि बांधणारे हात राखून थर देत नसत, म्हणून त्या काळच्या बोटींचं अंग जाड असतं. इव्ह जेलिना या क्वेबेकच्या दर्यावर्दीने याच जातीच्या 'जाँ-द्यु-स्युद' बोटीतून १९८१ ते १९८३ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. दादांना हे ठाऊक होतं. मुंबईत सागवानात बांधलेल्या 'सुहेली'तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये न थांबता जग फिरून आले, ही गोष्ट तर ते लहानपणापासून ऐकत आलेले.

त्या दिवशी दादांचा आणि माझा बहुतेक वेळ इंजिनाजवळ गेला. पेट्रोलवर चालणारं जुनं अॅटॉमिक ४, चार सिलिंडरचं. बादलीतून थंडाव्याचं पाणी देऊन मालकाने ते चालू करून दाखवलं आणि आम्ही खूश झालो. वहिनी तोवर आतल्या भागात फिरत होत्या. संडासाच्या छोट्या खोलीचं दार त्यांनी दोनदा उघडलं-लावलं आणि विचारलं, "या दाराचा वरचा कोपरा कुणी तासलाय? आणि तासूनही ते घासतंय का?"

मी म्हणालो, जुनं लाकूड आहे, दमट हवेत फुगतं.

तेच चुकलं. दार फुगलं नव्हतं, चौकट खाली आली होती.

सर्व्हेमध्ये काय निघालं

विकणाऱ्या दलालाने एक सर्व्हेअर, म्हणजे खरेदीआधी बोट तपासणारा जाणकार, सुचवला होता. दादांनी तो न घेता स्वतः शोधून दुसरा लावला. फी ७२० डॉलर, शिवाय खालची बाजू तपासता यावी म्हणून बोट पट्ट्यांवर उचलून धरायचे ३५०. बोट विकत घेतली नसती तर हे १,०७० डॉलर गेलेच असते, आणि तरीही ते सत्कारणीच लागले असते.

सर्व्हेअर चार तास छोटी प्लास्टिकची हातोडी घेऊन बोटीवर रांगत होता. फायबरग्लासच्या दोन थरांमधला गाभा घट्ट असेल तिथे 'टक्' असा खणखणीत आवाज येतो. गाभा कुजलेला असेल तिथे 'थप्' असा मेलेला. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, डेकवर आणि डाव्या-उजव्या कठड्यांच्या खांबांभोवती त्याला थप् थप् ऐकू येत गेलं आणि तो पेन्सिलीने खुणा करत गेला. ज्या ज्या जागी पूर्वीच्या मालकांनी स्क्रू पिळून काहीतरी बसवलं होतं, तिथून पन्नास वर्षं पाणी झिरपलेलं.

मग तो आत गेला, डोलकाठीच्या बरोबर खाली उभा राहिला आणि वर बोट दाखवलं. या बोटीत डोलकाठी थेट कीलवर टेकत नाही, ती डेकवर उभी असते. तिचा दाब पेलायला डेकखाली लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेली एक कमानदार तुळई असते. या जातीच्या जुन्या बोटींमध्ये ही तुळई कालांतराने वाकते किंवा तिचे थर सुटतात. इथे दोन्ही झालं होतं. डेक पाऊण इंच खाली बसलेला, आणि त्याच्यासोबत दाराची चौकटही. अशा बोटीत डोलकाठी उभी धरणारे दोन्ही बाजूंचे तारेचे ताण कितीही आवळले तरी ती खाली दबत राहते आणि ताण पुन्हा सैल पडतात.

बाकी यादी जुन्या बोटीकडून अपेक्षित असते तशीच: ताणांच्या तारांचं वय कुणालाच माहीत नाही, बोटीच्या तळातल्या भोकांवर घरगुती नळाला असतात तसले चक्राचे व्हॉल्व्ह, पेट्रोलची नळी कडक होऊन तडकलेली, वायरिंग वेगवेगळ्या काळातलं. आणि एक दिलासा, तोही मोठा: बोटीचं अंग, कील आणि सुकाणू चांगल्या स्थितीत होते. तळावर बारीक फोड होते, पण काळजीचे नव्हेत.

समोरचे पर्याय

पहिला, सोडून देणं. त्यात गैर काही नव्हतं.

दुसरा, त्याच जातीची तयार बोट घेणं. तासाभराच्या अंतरावर एक होती, तुळई आणि डेक दुरुस्त केलेली, नवं डिझेल इंजिन बसवलेली. मागणी १६,५००. मी हीच घ्या म्हणत होतो. पण तेवढे पैसे एकरकमी नव्हते आणि एवढ्या जुन्या बोटीला कर्ज मिळेना.

तिसरा, ही घेऊन काम यार्डाकडून करून घेणं. फक्त डेक आणि तुळईचा अंदाज २२,००० डॉलर निघाला. तो तिथेच बाद झाला.

चौथा, ही घेऊन स्वतः काम करणं. दादांनी साहित्याचा अंदाज काढला तो ६,००० चा. मी त्यात यार्डाचं भाडं घाला म्हणालो, ते त्यांनी घातलं. पण ताणांच्या तारा 'पुढच्या वर्षी' म्हणून वगळल्या. डोलकाठी उतरवलेली असतानाच तारा बदलणं सोयीचं असतं, त्यामुळे हे वगळणं कागदावरच टिकणार होतं.

या टप्प्यावरचा सगळ्यात चांगला निर्णय वहिनींचा. त्यांनी दोन रेषा आखल्या: एकूण खर्च २०,००० च्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत बोट पाण्यात नसेल तर आहे त्या किमतीला विकायची. या रेषा बोट घेण्याआधी आखल्या म्हणून त्यांना वजन होतं. एकदा हाताला इपॉक्सी, म्हणजे दुरुस्तीत लागणारं घट्ट होणारं राळेसारखं चिकट द्रव्य, लागलं की अशा रेषा आखता येत नाहीत. अर्धवट उघडलेल्या बोटी यार्डांच्या मागच्या रांगेत वर्षानुवर्षं पडून असतात, त्यांच्या मालकांनाही त्या आवडतच होत्या.

व्यवहार

किंमत ठरवताना दादांनी टक्क्यांत घासाघीस केली नाही. सर्व्हेचा अहवाल मालकापुढे ठेवला आणि तुळई, डेक, व्हॉल्व्ह या तीन कामांच्या साहित्याचा खर्च ओळीने मांडून दाखवला. मालक म्हातारे गृहस्थ, बोटीवर जीव असलेले. त्यांना आपली बोट पुन्हा शिडाखाली जाईल की नाही, ही चिंता जास्त होती. ४,८०० वर ठरलं. मेरीलँडचा ५ टक्के कर २४० डॉलर. सर्व्हे धरून बोट हातात येईपर्यंत ६,११० झाले.

सही करण्याआधी दादांनी यार्डाकडून एक गोष्ट लेखी घेतली: मालकाला स्वतः काम करता येईल, डेक कापण्यासह. पुष्कळ यार्डांमध्ये हे चालत नाही, किंवा फक्त रंगकामापुरतं चालतं. हे आधी न विचारता बोट घेतली तर ती दुसरीकडे हलवण्यातच हजार-दोन हजार जातात. विमा मात्र फक्त दुसऱ्याच्या नुकसानीपुरता मिळाला. पूर्ण विम्यासाठी दुरुस्तीनंतर पुन्हा सर्व्हे करा म्हणाले.

काम

मे महिना म्हणजे सगळ्यांच्या बोटी पाण्यात उतरण्याचा हंगाम. डोलकाठी उतरवायला क्रेन लागते, आणि क्रेनची पाळी जूनच्या शेवटी मिळाली. हातात सात आठवडे रिकामे. त्यात दोघांनी आतलं लाकूड घासलं, सहा हात व्हार्निश दिलं, गाद्या शिवून घेतल्या. बोट आतून उजळली, फोटो काढले, मीही कौतुक केलं. सप्टेंबरमध्ये डेक कापल्यावर ग्लासची धूळ त्या व्हार्निशवर बसली, पावसाचं पाणी वरून आत आलं आणि इपॉक्सीचे ओघळ लाकडावर वाळले. साधारण १४० तासांचं काम पुन्हा करावं लागलं. त्या सात आठवड्यांत व्हॉल्व्ह बदलता आले असते, वायरिंग काढता आलं असतं. त्या कामांचं धुळीने काही बिघडलं नसतं.

तुळईचं काम जुलै-ऑगस्टमध्ये झालं आणि ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात देखणं काम वाटतं. डोलकाठी उतरल्यावर केबिनमध्ये, कीलच्या बरोबर वर, जाड फळी टाकली. तिच्यावर खांब, खांबावर ट्रक उचलायचा हायड्रॉलिक जॅक. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर दादा फक्त एक अष्टमांश इंच उचलायचे आणि थांबून कान द्यायचे. लाकूड करकरलं तर त्या दिवशी तिथेच बंद. सहा दिवसांत डेक आपल्या मूळ उंचीला आला.

जुनी तुळई काढायची की तिला दोन्ही बाजूंनी धातूच्या पट्ट्या ठोकून तशीच ठेवायची, यावर चर्चा झाली. पट्ट्यांचा मार्ग सोपा आणि पुष्कळांनी वापरलेला. पण इथे थर सुटले होते आणि टोकांना कुज होती, म्हणून नवीच करायची ठरली. डेकच्या कमानीचा पुठ्ठ्यावर साचा घेतला, त्या वळणाचा फर्मा गॅरेजमध्ये केला, आणि डग्लस फरच्या पातळ पट्ट्या इपॉक्सी लावून त्यावर क्लॅम्पने दाबल्या. पहिल्या वेळी पट्ट्यांची पकड अर्ध्यावर असताना इपॉक्सी उन्हाने गरम होऊन भराभर घट्ट व्हायला लागलं. ती तुळई टाकून द्यावी लागली. दुसरी पहाटे पाच वाजता, हळू घट्ट होणारं हार्डनर वापरून, वहिनी आणि मी मदतीला राहून केली.

सप्टेंबरमध्ये डेक उघडला. खालून काम केलं तर वरची चकचकीत बाजू तशीच राहते, पण मान वर करून काम करावं लागतं आणि सगळं तोंडावर गळतं. वरून केलं तर सोपं, पण नंतर सबंध डेक रंगवावा लागतो. त्यांनी वरून केलं, आणि मला ते योग्यच वाटतं. करवतीचं पातं वरच्या थराच्या जाडीइतकंच बाहेर ठेवून चौकोन कापले. वरचा थर उचलला तर खाली मेसोनाइट, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी, ओल्या पुठ्ठ्यासारखं, हाताने निघणारं. सर्व्हेअरच्या खुणांच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्र ओलं निघालं.

इथे घाई झाली. ऑक्टोबर साफसफाईत आणि वाळवण्यात गेला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी १२ अंश होते म्हणून, नऊ चौरस फुटांवर नवा गाभा चिकटवला. रात्री पारा २ अंशांवर गेला. चार दिवसांनीही इपॉक्सी बोटाला चिकटत होतं. ते सगळं खरवडून काढलं आणि बोट ताडपत्रीखाली झाकून एप्रिलची वाट पाहिली. पाच महिन्यांचं भाडं, १,२०० डॉलर. हीटर लावून काम रेटण्याचा विचार झाला होता, तो सोडला. ताडपत्रीखाली, सॉल्व्हंटच्या वाफेत हीटर लावण्याला माझाही ठाम विरोध होता.

२०२३ च्या वसंतात काम भरभर झालं. जिथे खीळ-कड्या बसणार तिथे मरीन प्लाय, बाकी ठिकाणी बाल्साचं हलकं लाकूड. प्रत्येक भोक आधी मोठं पाडून घट्ट इपॉक्सीने भरायचं आणि मग त्यातून हवं तेवढं पाडायचं, म्हणजे पुढे सील फुटलं तरी पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही. १९६७ पासून प्रत्येक भोकाला ही एक गोष्ट केली असती तर डेक असा कुजला नसता.

तारा बदलल्याच. इंजिन ठेवलं, डिझेल बसवणं बोटीच्या किमतीच्या दुपटीहून महाग होतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात साचते, म्हणून नळी आणि एक्झॉस्ट नवे घातले आणि सुरू करण्याआधी पंखा चार मिनिटं चालवायचा, हा नियम बटणाशेजारी मराठीत लिहून लावला.

काय झालं

ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात बोट पाण्यात उतरली. वहिनींची तारीख पाळली गेली, रक्कम नाही. यार्डाचं भाडं १७ महिन्यांचं ४,०८०. दुरुस्तीचे ११,४००: तारा ३,१००, इंजिन २,३००, इपॉक्सी-ग्लास-गाभा १,९००, वायरिंग १,१००, व्हॉल्व्ह ९००, क्रेन दोनदा ७००, हत्यारं, मास्क आणि इतर १,४००. खरेदी धरून एकूण २१,५९०. वहीत तास ९१२, माझे वगळून.

पुन्हा सर्व्हे झाला तेव्हा बोटीची किंमत १२,००० धरली. १६,५०० ची तयार बोट कर आणि सर्व्हे धरूनही १८,५०० च्या आत पडली असती आणि त्याच उन्हाळ्यात शिडाखाली असती. पैशांच्या हिशेबात माझा आग्रह बरोबर ठरला. पण दादांना मी हे बोलून दाखवलेलं नाही, कारण २०२४ च्या जुलैमध्ये त्यांच्यासोबत उपसागराच्या काठावरच्या सेंट मायकल्स गावाहून परतताना वादळी ढग अंगावर आले तेव्हा मी त्यांना पाहिलं. एका माणसाने शीड आखडलं, एकाने नांगर तयार ठेवला, कुणी कुणाला विचारलं नाही. ताण आवळलेले राहिले. बोटीतला प्रत्येक बोल्ट कुठे जातो हे दोघांना ठाऊक होतं.

संडासाचं दार आता सहज लागतं. चौकट वर गेल्यामुळे तासलेल्या कोपऱ्यात पाचरीच्या आकाराची फट दिसते. दादा तिथे लाकडाचा तुकडा बसवणार होते, वहिनींनी बसवू दिला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

दार घासतंय असं वहिनींनी दाखवलं तेव्हाच मी वर पाहायला हवं होतं. तेव्हा पाहिलं असतं तर सर्व्हेआधीच तयार बोटीच्या मालकाशी सविस्तर बोलणं झालं असतं; सर्व्हेवर हजार डॉलर गेल्यावर आणि या बोटीवर मन बसल्यावर ती तुलना निर्मळ राहिली नाही. आता कुणासोबत जुनी बोट पाहायला गेलो की इंजिनाआधी आतली सगळी दारं आणि कपाटं उघडून-लावून पाहतो.

कामाचा क्रम हा दुसरा मुद्दा. बोट बुडवू शकेल ते आधी, डोलकाठी पाडू शकेल ते त्यानंतर, आणि व्हार्निश शेवटी. दादांना हे माहीत होतं. पण रिकाम्या आठवड्यांत हात स्वस्थ बसत नाहीत, आणि घासलेलं लाकूड संध्याकाळी डोळ्यांना दिसतं, बदललेला व्हॉल्व्ह दिसत नाही.

डेक मे महिन्यात उघडायला हवा होता, सप्टेंबरमध्ये नव्हे, आणि सर्व्हेच्या खुणांच्या दुप्पट क्षेत्र धरूनच साहित्य व दिवस मोजायला हवे होते. आतून, वरचा थर न फोडता, बारीक ड्रिलने चार-पाच ठिकाणी भोकं पाडून पाहिली असती तर ओल कुठवर गेली आहे ते एका दुपारी कळलं असतं: कोरडा भुसा आला तर गाभा चांगला, तपकिरी पाणी आलं तर कुजलेला. मागच्या डेकच्या बाबतीत या वेळी त्यांनी तेच केलं. चौदा भोकांपैकी तीन ओली निघाली, तिन्ही एकाच खांबाभोवती. ते काम येत्या मेमध्ये, चार शनिवारांत, बोट पाण्यात असतानाच करायचं ठरलं आहे.